छडी खाली ठेवली, आता हातात काय धरू?

श्रोतेहो, एका केंद्राच्या शिक्षण परिषदेला मला बोलावले होते. भाषणे झाली, चहा झाला आणि मंडळी पांगू लागली, तेव्हा एक तरुण गुरुजी माझ्याजवळ आले. दोन शिक्षकांच्या शाळेत काम करणारे. तिसरी आणि चौथी हे दोन्ही वर्ग एकाच खोलीत सांभाळणारे. ते म्हणाले, "सर, मारू नका म्हणता, ते पटतं. ओरडू नका म्हणता, तेही एक वेळ जमेल. पण मग करायचं काय, ते कुणी सांगत नाही. चौथीला गणित घातलं की तिसरी उठते; तिसरीकडे वळलो की चौथीत मारामारी. छडी खाली ठेवली, आता हातात काय धरू?"

प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आज त्याच्याविषयीच आपल्याशी चार गोष्टी बोलणार आहे. गुरुजींशी आणि बाईंशी तर बोलणार आहेच, पण घरी बसून ऐकणाऱ्या आईबापांशीही. कारण मूल शाळेत सहा तास असते आणि उरलेले अठरा तास तुमच्याजवळ असते.

छडीची गोष्ट आधी उरकून घेऊ. आमच्या पिढीने ती खाल्ली आहे. हाताच्या उलट्या बाजूवर पट्टी, कोंबडा करून उभे राहणे, अंगठे धरणे, उन्हात उभे करणे, हे सगळे आम्हांला ठाऊक आहे. आता कायद्यानेच त्याला बंदी आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि त्याच्या सतराव्या कलमात मुलाला शारीरिक शिक्षा करू नये आणि त्याचा मानसिक छळही करू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. दुसरा भाग पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. "गाढवा, तुझ्या बापाला तरी येत होतं का?" हे वाक्य अंगावर वळ उठवीत नाही, पण कायदा त्यालाही लागू आहे.

पण कायदा आहे म्हणून छडी टाकली, एवढ्याने भागत नाही. ती इतकी वर्षे का टिकली, हे समजून घ्यायला हवे. ती टिकली, कारण ती लगेच लागू पडते. वर्गात गलका असतो, टेबलावर छडी आपटली की सगळे चिडीचूप. आता गंमत पाहा. या शांततेचे बक्षीस कुणाला मिळाले? गुरुजींना! त्यांचे डोके शांत झाले. म्हणजे छडीने मुलाला वळण लागो न लागो, छडी उचलण्याची सवय मात्र गुरुजींना लागते. आणि मूल काय शिकते? शांत बसायला नव्हे, तर गुरुजींची पाठ केव्हा वळते ते ओळखायला. पाटी कोरी असेल तर "आजीनं पुसली" म्हणायला. फारच झाले तर दप्तर घेऊन ओढ्याकाठी बसायला आणि शाळा सुटल्यावर सगळ्यांबरोबर घरी यायला. शिवाय भागाकार म्हटला की हाताचा तळवा हुळहुळतो, ते वेगळेच.

आता त्या गुरुजींच्या खोलीत जाऊ. ते दिवसभरात "खाली बस" हे शब्द किती वेळा उच्चारतात, हे मी त्यांना मोजायला सांगितले असते तर तेच दचकले असते. १९६८ साली अमेरिकेत पहिलीच्या एका वर्गात काही अभ्यासकांनी नेमके हेच मोजले. किती मुले जागेवरून उठतात, याची नोंद ठेवली. मग बाईंना सांगितले की "खाली बसा" हे जास्त वेळा म्हणा. बाई जास्त वेळा म्हणू लागल्या, तर मुले जास्त वेळा उठू लागली! पुढे बाईंनी उठणाऱ्यांकडे काणाडोळा केला आणि जी बसून काम करीत होती त्यांना त्याबद्दल बरे म्हटले, तेव्हा उठणे कमी झाले.

हे कसे घडते? आपण शेतकरी आहोत, आपल्याला हे समजायला कठीण नाही. पाण्याला दारे धरताना ज्या वाफ्याचे दार उघडे, त्या वाफ्यात पाणी. तिथे पीक असेल तर पीक पोसेल, तण असेल तर तण पोसेल. पाण्याला त्याचे काही नाही. वर्गात गुरुजींचे लक्ष म्हणजे हे पाणी. जे मूल मुकाट्याने लिहीत बसले आहे त्याच्याकडे दिवसभर कुणी पाहिले नाही, आणि ज्याने शेजाऱ्याची टोपी उडवली त्याचे नाव सकाळपासून नऊ वेळा घेतले गेले. नाव रागाने घेतले, हे खरे. पण ज्याला घरीदारी कुणी विचारीत नाही, त्याला रागाचे लक्षही चालते.

म्हणून पहिले काम हे, की दार फिरवायचे. "तिसरी, बसा खाली!" असे ओरडण्याऐवजी, जी दोन मुले वही उघडून बसली आहेत त्यांच्यापाशी जाऊन सहज म्हणायचे, "अरे वा, तुम्ही तारीख घालून सुरुवातसुद्धा केलीत." शेजारची चार आपोआप वही उघडतात. प्रत्येक वेळी उघडतातच असे नाही; पण "बसा खाली"पेक्षा पुष्कळ वेळा उघडतात. मारामारीकडे, दगडाकडे किंवा कुणाला दुखापत होईल अशा गोष्टीकडे मात्र काणाडोळा करायचा नाही. तिथे ताबडतोब मध्ये पडायचे.

आता बक्षिसाकडे वळतो. इथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. मी मोठ्या हौसेने भिंतीवर एक तक्ता लावला. डाव्या बाजूला मुलांची नावे, आणि पुढे रोज एक चकचकीत कागदाची चांदणी: वेळेवर आला, नखे कापली, गृहपाठ केला तर. महिन्याच्या शेवटी ज्याच्या चांदण्या जास्त त्याला पेन्सिल. पहिला आठवडा वर्ग कसा सुतासारखा सरळ! मी खूष. दुसऱ्या महिन्यात ध्यानात आले की पेन्सिली त्याच पाच मुलांना मिळतात. त्यांतली चार शाळेच्या शेजारी राहणारी होती, घरी घड्याळ होते, गृहपाठ घेणारे कुणीतरी होते. बाकीच्यांनी तक्त्याकडे पाहणेच सोडून दिले.

एक मुलगा मात्र पाहत असे. तो वस्तीवरून यायचा. सकाळी शेळ्यांना पाला टाकून, धाकट्या भावाला आजीकडे सोडून निघायचा, आणि परिपाठ संपता संपता दारात उभा राहायचा. महिनाभरात त्याच्या नावापुढे दोन चांदण्या होत्या. एका सोमवारी पाहतो तो त्याच्या रांगेत नऊ! चार ठिकाणी दुसऱ्यांच्या रांगेतून ओरबाडून काढल्याच्या खुणा. मी त्याला मारले नाही. तेवढा अभिमान मला होता. पण सगळ्या वर्गासमोर उभे करून "चोर" म्हटले. मुले हसली. मीही त्यांना थांबवले नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्याही नाही. अकरा दिवस झाले तेव्हा मी वस्तीवर गेलो. तो शेळ्यांमागे होता. मला पाहून पळाला नाही, पण मान वर करीना. मी पुष्कळ विचारले, तेव्हा म्हणाला, "गुर्जी, समद्यांची रांग भरली व्हती. माजीच लई मोकळी दिसत व्हती."

श्रोतेहो, चोरीचा विचार त्याच्या मनात असता तर तो पेन्सिली चोरता. त्या टेबलाच्या खणातच होत्या, आणि खणाला कुलूप नव्हते. त्याला पेन्सिल नको होती. त्याची रांग रिकामी आहे हे रोज साठ डोळ्यांपुढे टांगलेले होते, आणि ते टांगणारा मी होतो. त्याला मी बक्षीस देत नव्हतो एवढेच नव्हे. माझ्या बक्षिसाने त्याला रोज शिक्षा होत होती, आणि तीही शेळ्यांना पाला टाकल्याबद्दल.

त्या वेळी मला तारुण्याच्या भरात हे नवेच सापडल्यासारखे वाटले. पण आपल्याकडे मोठ्या माणसांनी ते पुष्कळ आधी जाणले होते. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी बालशिक्षणात भय आणि लालूच या दोन्हींना सारखेच दूर ठेवले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक पहिल्याच दिवशी मुलांना शांततेचा खेळ खेळायला लावतो आणि सपशेल फसतो. मग तो गोष्टी सांगू लागतो, आणि वर्ग त्याच्या हाती येतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे आणि अनुताई वाघ यांचे काम चालले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तेव्हा त्यांनी मुलांना शिक्षाही केली नाही आणि आमिषही दाखवले नाही. शाळाच पाड्यातल्या अंगणात नेली. जी मुले गुरे राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. माझ्या त्या मुलासाठी मला वस्तीवर शाळा नेता आली नाही. पण परिपाठानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत काही नवे शिकवायचे नाही, एवढे तरी मला करता येण्याजोगे होते. ते मी केले.

तक्ता आम्ही काढला. तो त्यानेच काढला, माझ्यासोबत. आणि ज्या चौघांच्या चांदण्या होत्या, त्यांना त्याने त्या आपल्या हाताने परत दिल्या. त्याने केलेल्या गोष्टीचे ते निस्तरणे होते. मी केलेल्या गोष्टीचे निस्तरणे म्हणून "चोर" हा शब्द मी वर्गासमोरच मागे घेतला. त्यानंतर प्रत्येकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर ज्याची त्याची नोंद राहू लागली. त्याच्या पानावर पहिल्या आठवड्यात "सहापैकी दोन दिवस वेळेवर", पुढच्या आठवड्यात "तीन". दोनाचे तीन झाले, ही त्याची प्रगती. शेजाऱ्याचे सहा आहेत, याच्याशी तिचा संबंध नाही.

मग बक्षीस मुळीच देऊ नये की काय? मी तितका सोवळा नाही. पण ते कशाला द्यावे, हे पाहावे लागते. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग झाला. चित्रे काढण्याची आवड असलेली मुले निवडली. काहींना आधी सांगितले, "चित्र काढलेस तर तुला सोनेरी शिक्क्याचे प्रशस्तिपत्र मिळेल." काहींना काही न सांगता चित्र झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिले. काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी रंग आणि कागद नुसते मांडून ठेवले. ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिले होते, ती मुले इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. खेळाचे काम झाले होते. मजुरी थांबली, काम थांबले. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती.

यावरून मी आपला एक धडा घेतला. मुलाला जे मुळातच आवडते, म्हणजे गोष्टीचे पुस्तक, चित्र, झाडाला पाणी घालणे, त्याला भाव लावू नये. जे रुक्ष आहे, उदाहरणार्थ पाढे किंवा हस्ताक्षर, तिथे सुरुवातीचा धक्का द्यायला लहानसे बक्षीस चालेल. पण ते वस्तूचे असण्यापेक्षा कृतीचे असावे. सगळ्या वर्गाने काम वेळेत संपवले, तर शेवटची दहा मिनिटे बाहेर लंगडी. याला पैसा पडत नाही, आणि कुणाची रांग मोकळी राहत नाही. गाडी सुरू झाली की हळूच धक्का काढून घ्यायचा.

आणि शाबासकी? ती देतो आपण, पण मोघम देतो. "शाब्बास!", "हुशार आहेस!" एवढ्याने मुलाला कळत नाही की आपण नेमके काय बरे केले. १९९८ साली दोन अमेरिकन विदुषींनी पाचवीतल्या वयाच्या मुलांवर प्रयोग करून दाखवले, की "तू हुशार आहेस" असे ऐकलेली मुले पुढे अवघड उदाहरण टाळून सोपे निवडतात. चुकलो तर हुशारी जाईल ना! "तू कष्ट घेतलेस" असे ऐकलेली मुले अवघडाला हात घालतात. पुढच्या काही अभ्यासकांना इतका मोठा फरक आढळला नाही, हेही सांगायला हवे. पण माझा अनुभव विचाराल, तर "आज एकदाही हातचा विसरला नाहीस" हे वाक्य दहा शाबासक्यांपेक्षा मुलाच्या जास्त ध्यानात राहते.

दोन वर्ग एका खोलीत असलेल्यांसाठी एक खेळ सांगतो. तोही १९६९ साली अमेरिकेत चौथीच्या एका दांडग्या वर्गात करून पाहिलेला आहे. वर्गाचे दोन गट करायचे. विचारल्याशिवाय जागेवरून उठणे, मध्येच बोलणे, अशा दोनचार गोष्टी ठरवायच्या आणि कुणी ती चूक केली की त्याच्या गटापुढे फळ्यावर एक रेघ. रेघा कमी असलेला गट जिंकतो; आणि दोन्ही गटांच्या रेघा ठरलेल्या आकड्याच्या आत राहिल्या तर दोघेही जिंकतात. जिंकणाऱ्यांना खेळायला थोडा जादा वेळ. त्या वर्गातला गलका झपाट्याने उतरला. पण तिथेही दोन मुले मुद्दाम आपल्या गटावर रेघा चढवू लागली, तेव्हा त्यांचा वेगळाच गट करावा लागला, म्हणजे त्यांच्यामुळे बाकीच्यांचे नुकसान नको. आपल्याकडे याहून जास्त जपावे लागेल. वस्ती विरुद्ध गाव असे गट कधीही पाडू नका, मुलगे विरुद्ध मुलीही नको. दर आठवड्याला गट बदला. आणि दिवसभर खेळू नका; अर्धा तास पुरे.

आता चुकीच्या परिणामाविषयी. मूल चुकले तर त्याचे काहीतरी व्हायला हवे, यात शंका नाही. पण चूक आणि परिणाम यांचे नाते मुलाला दिसले पाहिजे. पाणी सांडले, पुसून घे. पाटी फोडली, तर तिच्या मालकाला आपली दे आणि आज फळ्यावर लिही. खिचडीच्या रांगेत ढकलाढकली केली, रांगेच्या शेवटी उभा राहा. पण खिचडी मिळणार म्हणजे मिळणारच! जेवण, पाणी, लघवीला जाणे आणि खेळाचा तास या गोष्टी शिक्षेच्या बाजारात आणायच्याच नाहीत. ज्या पोराला बसवत नाही त्याचाच खेळाचा तास काढून घेणे, म्हणजे भुकेल्याला उपास घडवणे.

"शंभर वेळा लिही" ही शिक्षा आपल्याला निरुपद्रवी वाटते. तिच्यामुळे लिहिण्याचाच वीट येतो. आणि झाडू! वर्ग झाडायला लावणे ही शिक्षा ज्या शाळेत असते, तिथे मुले काय शिकतात? झाडणे हे खालच्या माणसाचे काम. आपल्या देशात झाडू कुणाच्या हाती दिला गेला, हे आपण सगळे जाणतो. झाडायची पाळी सगळ्यांची असावी, मुलग्यांची, मुलींची आणि एखाद्या दिवशी गुरुजींचीही. म्हणजे मग तिची शिक्षा करताच येत नाही.

परिणाम लहान असावा, पण चुकू नये. एके दिवशी हसून सोडायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याच गोष्टीला डोळे वटारायचे, याने मूल नियम शिकत नाही, गुरुजींचा मूड ओळखायला शिकते. आणि तो त्याच दिवशी संपावा. शिक्षा शिळी करू नये. काल मारामारी केलेल्या पोराला आज सकाळी पहिले "ये रे" म्हणावे. नियमही थोडे असावेत. तीन, फार तर चार, मुलांनीच आपल्या भाषेत सांगितलेले. शाळा उघडल्यावरचे पहिले दहा-बारा दिवस ते नुसते वाचून न दाखवता करून घ्यावेत, लेझमीचे हात बसवतो तसे. रांग कशी धरायची, दप्तर कुठे ठेवायचे, दुसऱ्या वर्गाला शिकवणे चालू असताना काही अडले तर कुणाला विचारायचे, हे सगळे शिकवावे लागते. त्यात वेळ जातो. पण पुढे दिवाळीपर्यंत तो परत मिळतो.

एक बारीकशी गोष्ट. सतत उठून पुढे येणारा मुलगा खोडकरच असतो असे नाही. त्याला फळा दिसत नसेल. हाक मारल्यावर "ओ" न देणारी मुलगी उद्धट नसेल. तिचा कान फुटलेला असेल. अकरा वाजता चिडचिड करणारे पोर सकाळी नुसत्या चहावर आलेले असेल. आधी हे पाहावे.

आईबापहो, तुमच्यासाठी दोन शब्द. "गुरुजी, खुशाल बडवा, आम्ही विचारायला येणार नाही," असे म्हणत जाऊ नका. त्याने गुरुजींना मान मिळत नाही, मुलाला मात्र आपल्यामागे कुणी नाही असे वाटते. "थांब, तुझ्या बाईंना सांगते," म्हणून शाळेचा बागुलबुवाही करू नका. आणि पहिला नंबर आला तर सायकल, हा सौदा टाळा. शाळा तीन कोसांवर असेल तर सायकल नंबराशिवायच लागते. त्याऐवजी, घरी रात्री भांडण झाले असेल, कुणी आजारी असेल, तर सकाळी गुरुजींच्या कानावर घाला. पुष्कळशा शिक्षा तेवढ्याने टळतात.

त्या तरुण गुरुजींना मी हातात धरायला काय दिले, ते सांगायचे राहिलेच. मी म्हटले, रोज सकाळी उजव्या खिशात दहा चिंचोके टाका. एखाद्या मुलाला त्याने केलेल्या गोष्टीबद्दल नेमके, नाव घेऊन, बरे बोललात की एक चिंचोका डाव्या खिशात. दुपारच्या सुट्टीपर्यंत उजवा खिसा रिकामा व्हायला हवा. ते हसले. महिन्याने पुन्हा भेटले, तेव्हा मी विचारले, "काय, संपतात का चिंचोके?"

"संपतात," ते म्हणाले. "दहाच्या आतसुद्धा संपतात. पण आठवडाभर कागदावर नावं टिपून पाहिली, तर मागच्या भिंतीजवळ बसणाऱ्या चौघांवर एकही खर्च झालेला नाही. आता त्यांची जागा बदलू, की माझी?"

मी त्यांना म्हटले, आधी तुमची बदलून पाहा. खुर्ची उचलून मागच्या भिंतीजवळ ठेवा.